गप्प बसण्याचं शिक्षण

मी नोकरी काय करतो, हे आमच्या घाटघर गावात मला आजवर कुणाला धड सांगता आलेलं नाही. दिल्लीत अण्वस्त्रांच्या धोरणाचा अभ्यास करतो म्हटलं की शेजारचे काका विचारतात, "म्हंजी बॉम्ब बनवतो का राव?" बनवत नाही हो! बॉम्ब टाकायची वेळच येऊ नये म्हणून समोरच्यावर धाक कसा ठेवायचा, ते शिकतो. एवढं सांगेपर्यंत काकांची तंबाखू मळून होते आणि ते उठून जातात. दिल्लीतल्या सोबत्यांना माझं काम कळतं, पण गाव कळत नाही. दोन्हीकडं मी एकटाच.

आमच्यासारख्या नवख्यांसाठी दिल्लीत एक प्रशिक्षणवर्ग होता. त्यात जो सरस ठरेल त्याला पुढं दोन वर्षं परदेशी शिकायला पाठवणार होते. त्या जागेसाठी माझा जीव नुसता तुटत होता. पण वडील गेल्यापासून आई घरी एकटी. एवढ्या लांब जाऊ का, हे तिला विचारायचा धीरच होत नव्हता.

शेवटची परीक्षा म्हणजे एक लुटुपुटीचं संकट. दोन गट, दोन खोटे देश, आणि लॅपटॉपवरून एकमेकांना धमक्या. आमच्या गटाची उत्तरं पाठवायचं काम माझ्याकडं. मी नेमका भातकापणीला घरी आलेलो. घरात रेंजचा पत्ता नाही, म्हणून नाणेघाटाच्या तोंडाशी एका खडकावर जाऊन बसलो. शेजारी पर्यटकांचे सेल्फी चाललेले आणि मी अणुयुद्ध टाळतोय! समोरच्या गटाची निर्वाणीची धमकी आली. मी नमतं घेणारं उत्तर लिहिलं, पाठवायला गेलो आणि रेंज मेली. मोबाईल डोक्यावर धरून त्या कातळावर येड्यासारखा हिंडलो. कसलं काय!

रेंज परत आली तोवर खेळ संपला होता. आणि आम्ही जिंकलो होतो. मी उत्तर देत नाही म्हणजे मागं हटणार नाही, असं समजून समोरच्यांनीच माघार घेतली होती.

"काय गप्प बसलास रे! भल्याभल्यांना जमत नाही," वर्गाचे सर व्हिडिओ कॉलवर म्हणाले.

"अहो सर, रेंज गेली होती!" मी ओरडलो. सगळे हसले. लिहिलेलं उत्तरसुद्धा दाखवलं, तर म्हणाले, तोही डावच असणार. आमच्या धंद्यातली ही खोडच आहे. कुणी गप्प बसला की त्यात आम्हाला डाव दिसतो, साधी अडचण कधी दिसत नाही. धन्य आहे सगळी! जागा मला मिळाली. दुसऱ्या दिवशी होकार कळवायचा होता.

एवढा आनंद झाला, पण सांगायला कुणी नाही. एका पावण्यानं फोटो काढायला सांगितला, तो काढून दिला आणि खाली आलो.

आई खळ्यावर भात पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. परदेश, दोन वर्षं, उद्या कळवायचंय. ती काहीच बोलली नाही. सूप हलत राहिलं. चिडली? मान्य आहे? की सुपाच्या आवाजात ऐकूच गेलं नाही? मी एकेक अर्थ लावून बघत होतो आणि एकही बसत नव्हता. मला भीती वाटायला लागली.

"आये, बोल की गं काहीतरी!"

तिनं सूप खाली ठेवलं. पदरानं तोंडावरचा भुसा पुसला.

"नगं जाऊ म्हनलं, तर ऱ्हाशील?"

राहीन, एवढं एकच म्हणायचं होतं. मला ते म्हणता येईना. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मी खाली पायाशी पडलेल्या भाताकडं.

"मंग कळव त्यांना," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून पाखडायला लागली.