चौघांत एक नायक

आमच्या घरात वर्तमानपत्रांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील एका संघटनेचं काम करायचे आणि वाटून उरलेले गठ्ठे घरी यायचे. फळीवरच्या डब्यांखाली निषेध अंथरलेला असायचा, माझ्या वह्यांना आवाहनाची कव्हरं असायची. पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचो आणि गणित अडलं की पान उलटून मागण्या वाचायचो. त्यामुळे असेल, पण चार माणसं जमली की त्यांचा एक ठराव असावा, तो मोठ्यानं वाचावा आणि त्यावर हात वर करून मत घ्यावं, असं मला लहानपणापासून वाटत आलं. आजही वाटतं. आमच्या गेमचा कायदा मी केला तो याच समजुतीतून.

गेम तलवारींचा आणि जादूचा होता. नदीनं दुभंगलेलं एक राज्य, नदीच्या मध्यभागी बेट, बेटावर कधीच न मरणारी एक राणी. नायकानं गावोगाव फिरायचं, साथीदार जमवायचे, लोकांची कामं करायची आणि शेवटी बेटावर पोचायचं. हा गेम लोक एकेकटे खेळतात. आम्ही चौघं मिळून खेळत होतो, कारण तो चालेल असा कॉम्प्युटर चौघांत मिळून एकच होता.

तो पैठण गेटजवळ, गाड्यांच्या सीट कव्हरच्या दुकानावरच्या खोलीत होता. दुकान आमच्यातल्या एकाच्या अब्बांचं. तो स्वतः खाली रेक्झिन कापायचा आणि वर येऊन राक्षस कापायचा. खोलीत रेक्झिनचे रोल भिंतीला टेकवून उभे असत, बसायला फोमचे तुकडे, आणि सगळीकडे चिकटवायच्या सोल्यूशनचा वास. दुसरा वाळूजला एका कारखान्यात होता. मूळचा वैजापूरकडचा, घरची मेंढरं. शिफ्ट सुटली की कंपनीच्या बुटांसकट जिना चढायचा. तिसरी सिडकोतल्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवायची. गेम आणला होता तिनं. चौथा मी.

कायदा साधा होता. नायक एकच. कंट्रोलर पाळीपाळीनं. काही ठरवायची वेळ आली की गेम थांबवायचा आणि हात वर करायचे. हजर असतील त्यांचं बहुमत. समसमान मतं पडली तर कंट्रोलर ज्याच्या हातात त्याचं चालेल. आणि एकदा केलेली गोष्ट मागे घ्यायची नाही, म्हणजे जुना सेव्ह उघडून तोच प्रसंग पुन्हा खेळायचा नाही. हे शेवटचं कलम मांडताना मी उभा राहिलो होतो.

"खऱ्या जगात माणसाला मागं जाता येत नाही," मी म्हणालो. "जे केलं त्याची जबाबदारी—"

"मान्य, मान्य," वाळूजवाला म्हणाला. "पन भाषान आवर, तो अस्वल्या अंगावर आलाय."

नायकाला आम्ही 'आपला' म्हणायचो. आपला कुठं पोचला, आपला काल मेला का, असं. आणि आपल्याला खेळवण्यापेक्षा जास्त वेळ गेम चांगला की वाईट यावर जायचा. सीट कव्हरवाला चिलखतं बघून वेडा व्हायचा. राजवाड्यात युद्धाची बोलणी चाललेली असताना हा आपल्याला घोड्याजवळ नेऊन खोगिराची शिलाई बघत बसायचा. "डबल टाका है. बोले तो बनानेवाले ने खुद बैठ के देखा है." वाळूजवाल्याचा राग तलवारीवर होता. दहा-बारा घाव घातले की ती बोथट व्हायची आणि लोहाराकडं न्यावी लागायची. "आमच्याकडं असला माल इन्स्पेक्शनमधून सुटलाच नसता. राज्य वाचवायला निघाले अन् हत्याराला गॅरंटी नाय." माझी तक्रार मोठी होती. त्या राज्यात गरीब फक्त मदत मागायला उभे होते. प्रत्येक गावात तीच तीन वाक्यं: मुलगा हरवला, विहिरीत भूत आहे, महाराज तुमचं भलं होवो. नदीवर नाकी होती, माणशी जकात होती, पण नदी कुणाची हे एकाही कोळ्यानं विचारलेलं नव्हतं. एवढं प्रचंड जग उभं केलं आणि त्यात एक मोर्चा नाही. मी म्हणायचो, हा दोष नाही, ही बाजू घेणं आहे.

ती आमचं ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "मॅप नको इतका मोठा आहे, लढाई कंटाळवाणी आहे, सगळं कबूल. पण सोबतचे लोक लक्षात ठेवतात. तुम्ही काय बोललात, काय केलंत. बाकी कुठल्या गेममध्ये ठेवतात, सांगा."

सोबतच्यांत तिची आवडती एक नावाडीण होती. उतारवयाची, फटकळ, कमरेला कंदील बांधलेली. बेटावर पोचायचे दोन रस्ते होते: पूल काबीज करायचा, नाहीतर नावाडणीनं पलीकडं न्यायचं. तिला नावेतूनच जायचं होतं. तेवढ्यासाठी तिनं आम्हाला या गेमला लावलं होतं.

मग हैदराबादच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये तिला नोकरी लागली. सोमवारी निघायचं होतं. तिथं खोलीत तिघीजणी, कॉम्प्युटर नाही. नदीपाशी पोचायला आम्हाला आदल्या दिवसाची, रविवारची दुपार उजाडली. ती क्लासचा निरोप उरकून आली होती, हातात मुलांनी दिलेली फुलं होती, ती तिनं एका रोलच्या पोकळीत खोचून ठेवली आणि कंट्रोलर घेतला. पाळी तिचीच होती.

आपला घाटावर उभा राहिला. तिनं नावाडणीला हाक मारायचं बटन दाबलं. नावाडीण आली, त्याच्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "तू कोण आहेस ते मला इतक्या वाटेत कळलं नाही. मी अनोळखी माणसासाठी नाव सोडत नाही." कंदील सोडवून तिनं घाटाच्या पायरीवर ठेवला आणि चालू लागली. मागोमाग सोबतचा लोहार गेला, पळून आलेला पुजारी गेला. साथीदारांच्या तिन्ही जागा रिकाम्या झाल्या. घाटावर आपला एकटा.

सगळे एकदम बोलायला लागले.

"ये तो बग है," सीट कव्हरवाला म्हणाला. "कल तक तो ठीक थी. हँस के बात कर रही थी."

"बग बिग काय नाय. फालतू गेम. इतके दिस घासली अन् टायमाला पलटली."

मी म्हणालो की हा साथीदारांच्या नावाखाली केलेला छळ आहे. आपल्यानं राज्यासाठी काय कमी केलं? नाकी फोडली, कैदी सोडवले. ज्या बाईसाठी जकात उठवली तीच पाठ फिरवते, म्हणजे लिहिणाऱ्यांना कृतज्ञता ठाऊक नाही की लोक ठाऊक नाहीत?

तिनं गेम थांबवला आणि आमच्याकडं वळली. क्लासमध्ये ती अशीच वळत असेल.

"नाकं जाळलं कुणी?"

"मी," मी म्हणालो. "म्हणजे बहुमतानं. जाळायलाच हवं होतं."

"त्याच्या आदल्या शुक्रवारी नावाडणीला शब्द दिला होता की नाक्याला हात लावणार नाही. तिचा भाचा पहाऱ्यावर होता."

"शुक्रवारी मी नव्हतो."

"बरोबर. शुक्रवारी मी होते आणि हा होता." तिनं सीट कव्हरवाल्याकडं बोट केलं. "दोन मतं. शब्द दिला. रविवारी तुम्ही तिघं होतात. जाळलं. मंगळवारी जकातदाराशी तह कुणी केला?"

वाळूजवाल्यानं बूट मागं घेतले. "म्या. पूल फुकट देत व्हता तो. कशाला उगं मारामारी?"

"ज्याचं नाकं जाळलं त्याच्याशीच तह. आणि नावाडणीनं दिलेली तिच्या बापाची वल्ही कुणी विकली?"

"बॅग फुल हो गई थी," सीट कव्हरवाला म्हणाला. "दो वल्ही कायको पाहिजे होती? नाव में पहले से हैं ना! मैंने पूछा था, तुम लोगों ने हाथ ऊपर किया था."

"केला होता," ती म्हणाली. "मी पण केला होता. मला वाटलं दुसरीच कुठली वल्ही आहेत." मग ती हसली. "अरे, गेममध्ये काही बिघडलेलं नाही. तिला एक माणूस दिसतोय. तो शुक्रवारी शब्द देतो, रविवारी मोडतो, मंगळवारी शत्रूबरोबर जेवतो आणि मध्येच तिच्या बापाची वल्ही विकतो. तुम्ही तिघंही चांगले आहात. तो नाही."

मला हे पटलं नाही. मी म्हणालो, मग गेमचा मूळ दोष हाच, की त्याला एका माणसाच्या मनापलीकडं काही समजत नाही. चार माणसं मिळून ठरवतात, चुकतात, पुन्हा ठरवतात, याला तो लबाडी समजतो. कुठलीही संघटना अशीच चालते. वाळूजवाला म्हणाला, "म्हनूनच फुटत्यात." सीट कव्हरवाला फोमवर लोळून हसला. मी अजून माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. पण ती वादात नव्हतीच. ती घड्याळाकडं बघत होती.

"मला नाकं जाळायच्या आधीचा सेव्ह उघडायचाय," ती म्हणाली. "उद्या मी जाणार. मला नावेतून जायचंय."

"कायदा," मी म्हणालो.

"मग मत घे."

मी मत घेतलं. सेव्ह उघडावा याच्या बाजूनं कोण? तिचा हात आणि सीट कव्हरवाल्याचा. वाळूजवाला आणि मी खाली. समसमान, म्हणजे कंट्रोलर ज्याच्या हातात त्याचं. कंट्रोलर तिच्या हातात होता. कलम माझंच होतं, त्यात खोट काढता येईना. मी एवढंच म्हणालो की माझा विरोध कायम आहे.

"असू दे. आणि एक," ती म्हणाली. "आता मत नाही. कुणी बोलायचं नाही. नुसतं बघायचं."

वाळूजवाल्यानं जागा सोडली नाही. "मी बघतो. नाय तरी शिफ्ट रातची हाय."

त्यापुढची दुपार आम्हाला जड गेली. तिनं सावकाश खेळ मांडला. नाक्यावर कैदी कोंडलेले मला दिसत होते, मशाल आपल्याच्या हातात होती, आणि ती भाच्याशी गप्पा मारत होती. सीट कव्हरवाल्यानं ओठांवर दोन बोटं धरून ठेवली होती. एका पेटीत उत्तम चिलखत होतं, ते तिनं बॅगेत जागा नाही म्हणून तिथंच ठेवलं आणि वल्ही ठेवली. त्याच्या घशातून नुसता आवाज आला. जकातदार पूल देतो म्हणाला, तिनं नाही म्हटलं. वाळूजवाल्यानं कपाळावर हात मारला. कैदी शेवटी सुटले, पण निम्मेच, आणि भाच्यानं चावी फिरवली म्हणून. मी दात आवळून बसलो होतो. तिनं एकदाही मागं वळून आमच्याकडं बघितलं नाही. सीट कव्हरवाल्याच्या अम्मींनी चहा वर पाठवला, तो निवला.

एका मुक्कामावर नावाडणीनं विचारलं, "बेटावर जाऊन काय करणार आहेस?" पडद्यावर तीन उत्तरं होती. राणीला मारीन. लोकांना मुक्त करीन. माहीत नाही. दुसरं मी निवडलं असतं, पहिलं त्या दोघांनी. तिनं तिसरं दाबलं.

ऊन उतरायच्या सुमाराला आपला पुन्हा घाटावर पोचला. हाक मारली. नावाडीण आली, काही बोलली नाही, कंदील लावला आणि वल्ह्यांना हात घातला. नाव सुटली. नदी ओलांडायला बराच वेळ लागला आणि त्या वेळात काहीच होत नव्हतं. पाणी, वल्ह्यांचा आवाज, कंदील. मध्ये एकदा नावाडणीनं बापाबद्दल काहीतरी सांगितलं. तिनं कंट्रोलर मांडीवर ठेवला होता.

मग बेट आलं. राणी दारातच उभी होती, दोन वाक्यं बोलली, लढाई झाली, फाटक उघडलं, वाजंत्री वाजली आणि बनवणाऱ्यांची नावं वर सरकायला लागली.

"येवढंच?" वाळूजवाला म्हणाला.

आम्ही तिच्याकडं बघितलं. ती गेमची बाजू घेईल असं तिघांनाही वाटलं होतं.

"एवढंच," ती म्हणाली. "लई फालतू शेवट आहे. राणीला धड बोलायला पण दिलं नाही."

"मग?" मी म्हणालो. "यासाठी कायदा मोडला?"

"मोडला कुठं? तुझ्याच कलमानं झालं." तिनं रोलच्या पोकळीतून फुलं काढली, थोडी सुकली होती. "नदीत मजा आली ना पण."

सीट कव्हरवाला म्हणाला की नदीत पाण्याचा रंग एक नंबर होता. वाळूजवाला म्हणाला की एवढ्या म्हाताऱ्या बाईला एवढी नाव ओढवणारच नाय, हिशोबातच बसत नाय. मी राणीच्या दोन वाक्यांवरून सुरुवात केली, की सत्तेला बोलू न देता मारलं की सत्ता कळत नाही, आणि आमचं तिघांचं पुन्हा जुंपलं. बोलतच आम्ही तिच्या मागं जिना उतरलो.

खाली अब्बा मशीनवर होते. त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडं बघितलं.

"खतम हुआ क्या रे, तुम्हारा वो?"

"हौ अब्बा."

"जीते क्या?"

आम्ही तिघं अजून भांडतच होतो. ती उंबऱ्याशी सँडलचा पट्टा लावत होती.

"पोहोंच गए, चाचा," ती म्हणाली.