मुंग्या न लागलेलं फडकं

इथल्या गुजराती बालमंदिरातल्या बेननी, म्हणजे बाईंनी, जूनच्या प्रवेशाला एकच अट घातली होती. "डायपर नहीं चाले, बेन. छोकरीए कहेवुं जोईए." शू लागली की पोरीनं तोंडानं सांगितलं पाहिजे.

नात तेव्हा पावणेतीन वर्षांची होती आणि मार्च चालू होता. सून बाळंतपणाआधी इथून जवळच उधन्याला एका भरतकामाच्या कारखान्यात माल तपासायची. तिथं आता जागा रिकामी झाली होती आणि शेठनं ती तिच्यासाठी जूनपर्यंत धरून ठेवतो म्हणून सांगितलं होतं. मी घरीच साड्यांना खडे चिकटवते. एका हातात गरम गोंद असताना दुसऱ्या हातानं पोर सांभाळता येत नाही. म्हणून सगळं त्या एका अटीवर येऊन थांबलं होतं.

मला काळजी वाटली नाही. माझी तिन्ही मुलं दोन वर्षांच्या आत कोरडी झाली होती. कपाटाच्या दाराला आतून मी नेहमीच याद्या चिकटवते, तिथं आणखी एक कागद लावला. उठल्यावर बसवायचं, दूध झाल्यावर बसवायचं, मग दर अर्ध्या तासानं. शेजारी दोन रकाने: भांड्यात, बाहेर.

पहिल्या आठवड्यात "बाहेर"चा रकाना कागदाच्या तळाशी पोचला. अर्ध्या तासाची वीस मिनिटं केली. तरीही भांड्यावरून उठून चार पावलं गेली की पुन्हा धार. शू गादीवर झाली, दारात झाली, आणि एकदा तर पोचवायला निघालेल्या साड्यांच्या गठ्ठ्यावर. त्यातल्या अकरा साड्या मी मोरीत धुऊन गच्चीवर वाळवल्या. वास राहील म्हणून नाकाशी धरून बघितल्या, पण वास नव्हताच. तिची शू नळाच्या पाण्यासारखी असायची, ना रंग ना वास. मला तर ते सोयीचंच वाटलं. पुसलं की झालं.

आणि पाणी. दूध नको, सरबत नको, पाणीच हवं. पेला रिकामा झाला की "अजून". आंघोळीच्या बादलीतलं प्यायची. मी फरशी पुसायला घेतलं की ओल्या फडक्याकडे टक लावून बघायची. माठाला ती "माझा" म्हणायची.

समोरच्या घरातली शेजारीण आमच्याच खान्देशातली, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. तिनं एकदा दारातून बघितलं आणि म्हणाली, "पोरले एवढी तिस लागस? मुंग्या लागतस का शूले, ते देख. साखर व्हई ते मुंग्या येतीनच."

मी नीट बघितलं. मला अर्धवट काही करता येत नाही. ओट्याच्या कोपऱ्यात मुंग्यांची रोजची रांग असते, तिथं दोन फडकी ठेवली. एक पोरीच्या शूमध्ये भिजवलेलं, दुसरं गुळाच्या पाण्यात, म्हणजे मुंग्या कामावर आहेत की नाही तेही कळेल. संध्याकाळपर्यंत गुळाचं फडकं काळं झालं. पोरीच्या फडक्याला मुंग्या वळसा घालून जात होत्या.

कारणांची यादी मी आधीच केली होती: साखर, जंत, उन्हाळा, खोड. साखरेवर रेघ मारली. जंताची गोळी देऊन झाली होती, तीही खोडली. ऊन सगळ्यांनाच होतं आणि शेजारची पोरं काही तासातासाला धार सोडत नव्हती. उरली खोड.

"आई, एकदा दवाखान्यात दाखवू या का?" सूनबाईनं विचारलं.

"कशाला? साखर नाही. मी बघितलंय."

"मुंग्यांनी बघितलंय," ती हळूच म्हणाली.

"मुंग्यांना पगार देत नाही मी. त्या खोटं कशाला बोलतील?" मी हसले. तीही हसली, पण तिचं हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. ते मला तेव्हाही दिसलं होतं.

आत कमी गेलं की बाहेर कमी येणार, हे मला उघड वाटलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी पाण्याचं वेळापत्रक केलं, आणि कागद पुरेना म्हणून एक वही घातली. छोटा स्टीलचा पेला, दिवसातून पाच वेळा. माठ उचलून वरच्या फळीवर ठेवला. पोरगी फळीखाली उभी राहून मान वर करून बघत राहिली. पहिल्या दिवशी ती रडली. मी रडूसुद्धा वहीत लिहिलं, किती वाजता आणि किती वेळ.

दुसऱ्या दिवशी हिशेब जुळेना. आत पाच पेले, बाहेर चौदा वेळा. तिसऱ्या दिवशी आत पाच, बाहेर तेरा. मी चादर पिळून पाणी मोजलं, इतकी मी हट्टाला पेटले होते. पाच पेल्यांतून एवढं निघणं शक्य नव्हतं. म्हणजे कुणीतरी चोरून पाणी देत होतं, आणि मुलगा कामावर गेल्यावर घरात दुसरं होतं कोण?

सून भाकरी थापत होती. मी वही तिच्यासमोर धरली. "हे बघ. मी एकीकडं बांध घालायचा आणि तू मागून पाट सोडायचास, असं कसं चालेल?"

तिनं हात थांबवले नाहीत. "मी नाही दिलं."

"मग हे कुठून आलं?"

"मला नाही माहीत. तुम्ही सांगितलं म्हणून मी नाही दिलं, आई. ती माझ्या पदराला तोंड लावून चोखत होती, तरी नाही दिलं." भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "दिलं असतं तर बरं झालं असतं."

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. वहीत आकडे लिहिलेले होते आणि आकडे खोटे नव्हते. आकडे खरंच खोटे नव्हते. ते पोरीच्या अंगातलंच पाणी होतं. मी बंद केलेलं पाणी तिचं शरीर तिच्यातूनच काढून बाहेर टाकत होतं, आणि मी ते चोरी म्हणून लिहून ठेवत होते.

चौथ्या दिवशी ती रडली नाही. मला वाटलं, वळण लागलं. वहीत तसं लिहिलंही: आज शांत. दुपारी मी खडे चिकटवत बसले होते आणि ती शेजारी फरशीवर गाल टेकून पडली होती. थंड लागतं म्हणून पडली असेल, असं वाटलं. सून आली, तिनं पोरीला हाक मारली, मग पुन्हा मारली. उचललं तर मान मागे पडली. अंग तापलं होतं, ओठांना चिरा पडल्या होत्या. आणि चड्डी ओली होती. तेव्हासुद्धा ओली होती.

सूनबाईनं मला काही विचारलं नाही. पोर खांद्यावर टाकून ती अनवाणी जिना उतरली. मी वही घेतली, चपला घातल्या, दार ओढलं आणि मागे धावले. रिक्षात ती पोरीला पाणी पाजत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

हॉस्पिटलात सलाईन लागलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं सूनबाईला विचारायला सुरुवात केली आणि मी वही पुढं केली. त्यानं पानं उलटली. सुरुवातीला त्याच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. इतकं कोण लिहितं? मग तो पाण्याच्या रकान्याशी आला आणि बोट तिथं थांबलं.

"पानी किसने कम किया?"

माझा मुलगाही तोवर कामावरून येऊन पोचला होता. तो, सून, नर्स, सगळे उभे होते. सून माझं नाव सांगेल म्हणून मी वाट बघितली. तिनं सांगितलं नाही. ती पोरीच्या पायाचा अंगठा धरून खाली बघत राहिली.

"मैंने," मी म्हणाले.

तो रागावला नाही. रागावला असता तर मला उत्तर देता आलं असतं. पुढचे काही दिवस तपासण्यांत गेले, डोक्याचा फोटोही काढला. मग त्यानं कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदूतून एक रस येतो, तो मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगतो. हिच्यात तो रस पुरेसा तयार होत नाही. म्हणून प्यालेलं सगळं निघून जातं, आणि निघून जातं म्हणून तहान लागते. खोड नव्हती. पाणी पिऊन पिऊन ती स्वतःला जगवत होती. मी मुंग्यांचं सांगितलं. तो म्हणाला, मुंग्या बरोबर होत्या, हिला साखर नाहीच.

आता रोज दोनदा गोळीचा तुकडा द्यायचा, बहुतेक कायमचा. गोळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत ती भांड्यावर बसून शू सांगायला लागली. ज्याच्यासाठी मी ते सगळं केलं ते एका तुकड्यानं झालं. पण जून येईपर्यंत शेठनं दुसरी बाई घेतली होती, आणि बालमंदिरातल्या बेननी औषधाचं ऐकून "हमणां रहेवा दो", सध्या राहू द्या, म्हटलं. सून घरीच आहे. खडे चिकटवायला माझ्या समोर बसते. गोंद मागते, कात्री मागते. त्या दिवसाबद्दल तिनं मला एक शब्द ऐकवलेला नाही. ऐकवला तर बरं होईल, असं मला रोज वाटतं.

वही चालू आहे, डॉक्टरांनीच सांगितलंय. किती प्याली, किती वेळा गेली. तहान लागली की द्यायचं, थांबवायचं नाही, असं त्यांनी पहिल्या पानावर स्वतः लिहून दिलंय.

माठ खाली आहे, तिच्या हाताला येईल असा. पेला तिचा तिनं भरून घ्यायचा. आईजवळ असली की ती भरते आणि पिते. मी खोलीत असले की भरते, ओठांपर्यंत नेते आणि थांबते.

"आजी, पिऊ?"

"पी गं," मी म्हणते. दिवसातून जितक्या वेळा ती विचारते तितक्या वेळा म्हणते. तरी पुढच्या पेल्याला ती पुन्हा थांबते. याला काय करायचं याची यादी मला अजून करता आलेली नाही.