समुद्राच्या पल्याडची पार

"का जी मॅडमबाई, पाठीले ऊन काऊन लागून रायलं?"

पार्बताबाईंनी हे विचारलं तेव्हा मी तोंडात शिट्टी धरून उभी होते. समोर विशाखापट्टणमचा समुद्र. वाळूवर आमच्या टूरचे सगळे प्रवासी मी ओळीने बसवलेले, तोंडं पाण्याकडे. माझ्या डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर पांढरी टोपी, हातात कंपनीचा केशरी झेंडा. थोड्याच वेळात सूर्य समोरच्या पाण्यात बुडणार होता आणि मी शिट्टी वाजवून "पाहा!" म्हणणार होते. जणू माझ्या शिट्टीशिवाय सूर्याला घरी जायची परवानगीच नव्हती.

मी मागे वळले. सूर्य तिथे होता. हॉटेलांच्या गच्च्यांमागे, डोंगराच्या दिशेने आरामात निघालेला. आमच्या सावल्या लांब होत पाण्याकडे चालल्या होत्या.

आज नातवंडं हसतात. "आजी, पूर्व किनारा म्हणजे समुद्र पूर्वेला. मग सूर्य त्यात मावळेल कसा?" अरे बाबांनो, नकाशात मलाही कळत होतं. वाळूवर उभं राहिल्यावर नाही कळलं.

ही गोष्ट एस.टी.डी. बूथच्या काळातली. मी गोंदियाजवळच्या मुर्री गावची. गोंदियात एका सेठजींच्या ट्रॅव्हल ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले आणि पुढे टूर मॅनेजर झाले. टूर मॅनेजर म्हणजे प्रवाशांना उठवणारी, मोजणारी, जेवू घालणारी आणि सगळ्यांच्या शिव्या खाणारी व्यक्ती. पण मी स्वतःला कलेक्टरच समजत होते. त्या टोपीतला एक फोटो अजून कपाटात आहे. सुनेला सांगून ठेवलंय, मी गेल्यावर हार घालायला तेवढा तो काढू नको.

धान निघालं की आमचा सीझन सुरू व्हायचा. लोकांना जरा उसंत मिळायची. सोबत आमचा स्वयंपाकी महाराज असायचा आणि तांदळाची पोती असायची, कारण दुसऱ्या गावचा भात आमच्या लोकांना चालायचा नाही. त्या वर्षी पहिल्यांदाच आम्ही विशाखापट्टणम काढलं. नवी जागा असली की आधी कोणीतरी एकट्याने जाऊन सगळं पाहून यायचं असतं. त्याला आमच्या धंद्यात रेकी म्हणतात. सेठजी म्हणाले, "रेकी किसलिए? समंदर भागने वाला है क्या?"

मग पॅम्फ्लेट मी ऑफिसातच बसून लिहिलं. गोव्याच्या टूरचं जुनं पॅम्फ्लेट समोर होतं. त्यातलं गोवा खोडलं, विशाखापट्टणम घातलं. 'अथांग सागरात विलीन होणाऱ्या सुवर्णसूर्याचं नयनरम्य दर्शन' हे वाक्य मात्र ठेवलं. ते माझं स्वतःचं होतं ना! त्या वाक्यावर माझा फार जीव.

तर त्या वाक्याकडे पाठ करून सूर्य चालला होता.

"ढग आहेत," मी शिट्टी दातांत धरूनच म्हणाले. आकाशात औषधालाही ढग नव्हता.

"ढग नाही जी," देवरीचे किराणावाले काका म्हणाले. "सूर्य मागं आहे. आपन उल्ट्या पारीवर येऊन बसलो."

पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध. आमचा मुलूख तलावांचा. इकडच्या पारीवरून सूर्य पाण्यात दिसला नाही, तर माणूस चालत तिकडच्या पारीवर जातो. त्यात काय मोठं?

"मंग चला ना पल्याडच्या पारीवर," काका उठले. धोतर झटकलं. "गाडी त उभीच आहे."

"हो हो, चला," आणखी दोघंतिघं उठले. एका बाईंनी तर चपला हातात घेतल्या.

पल्याडची पार ब्रह्मदेशात आहे आणि आपली बस तिकडे जात नाही, हे सांगायला तोंडातली शिट्टी काढावी लागली. सांगितलं. मग सगळे जे हसले! काका सगळ्यांत मोठ्याने. लोकांनी ते मजेवारी नेलं. भाजलेली कणसं घेतली, पाय भिजवले, लाटा आल्या की किंचाळले. माझा जीव भांड्यात पडला. आमच्या भाषेत पॉईंट कव्हर झाला. कव्हर होणं म्हणजे लोकांनी ती जागा पाहिली असं नव्हे. तक्रार न करता ते बसमध्ये परत बसले की जागा कव्हर.

सोमाजी मात्र वाळूवर तसेच बसून होते. सौंदडजवळच्या खेड्यातले शेतकरी, पार्बताबाईंचे मालक. पूर्ण प्रवासात त्यांनी एक शब्द काढला नव्हता. खिडकीजवळची जागा हवी, एवढंच पार्बताबाईंनी त्यांच्या वतीने मागून घेतलं होतं.

"आता बुडल का?" त्यांनी समोर पाहत विचारलं.

"तिकडं नाही जी बुडत," पार्बताबाई म्हणाल्या. "मागं बुडला."

"मागं पानी आहे का?"

"मागं हाटेल आहे."

पार्बताबाई मला हाताला धरून बाजूला घेऊन गेल्या. हळू बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी प्रयत्न केला.

"ह्याच्या डोऱ्यात काचबिंदू आहे. डाक्टर म्हनते, आता गेलेलं वापस येत नाही, उरलेलं बी जाईल. नरीतून पायल्यावाणी पायते हा. समोरचं दिसते, बाजूचं नाही. लहानपनी याच्या मायनं सांगलं होतं, सूर्य समुद्रात बुडते तवा चर्र आवाज होते. तापलेल्या तव्यावर पानी टाकल्यावाणी. तवापासून मनात धरून आहे. बुढा झाला, तरी धरून आहे. तुमच्या कागदात वाचलं अन् पोरानं नाव लिवलं. नाहीतर आमी कायले येतो एवढ्या दूर?"

माझं नयनरम्य वाक्य पहिल्यांदाच कोणीतरी खरं मानून वाचलं होतं.

सूर्यास्त गेला, पण सूर्योदय उरला होता. तो तर याच पाण्यातून निघणार. अडचण एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची अरकूच्या डोंगरात जाणारी रेल्वेगाडी होती. घाट चढत, बोगद्यामागून बोगदे पार करत जाणारी. त्या बोगद्यांसाठी अर्धी टूर आली होती. किराणावाल्या काकांनी तर देवरीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बोगद्यांचं सांगून ठेवलेलं. गाडी सूर्योदयानंतर थोड्याच वेळात सुटायची.

बूथवरून सेठजींना फोन लावला.

"अरे मॅडम, सूरज डूबा के नहीं डूबा?"

"डूबा. मागे."

"डूबा ना? बस. पॉईंट कव्हर."

"सेठजी, उद्या सकाळी मी सगळ्यांना समुद्रावर नेते. तिथूनच स्टेशनवर."

"और ट्रेन छूटी तो?"

"नाही सुटणार."

"मॅडम," सेठजींचा आवाज एकदम गोड झाला. ते गोड बोलले की मला घाम फुटायचा. "ट्रेन छूटी तो तुम वापस टाइपराइटर पे बैठोगी. झेंडा मेरा भांजा पकडेगा."

भाचा कधीपासून झेंड्यावर डोळा ठेवून होता. टाइपरायटर ऑफिसात संडासाच्या दाराशेजारी होता. माझी टोपी, माझा गॉगल, माझं कलेक्टरपद, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

जेवताना मी जाहीर केलं. "पहाटे सामान बांधून समुद्रावर. सूर्य पाहून थेट स्टेशन."

"गाडी चुकली त?" काका.

"गाडी चुकणार नाही," मी रेल्वेमंत्र्याच्या थाटात म्हणाले.

"काऊन, थांबवून ठेवून रायल्या का?"

पंगत हसली. मी महाराजांना आणखी भात वाढायला सांगितला. भात वाढला की आमची माणसं भांडत नाहीत.

पहाटे आम्ही वाळूवर पोचलो तेव्हा अंधार होता. हवेत गारवा, सगळे शालीत गुंडाळलेले. कोळ्यांच्या होड्यांचे दिवे दूरवर हलत होते. पूर्वेला उजाडायला लागलं. अगदी पाण्याच्या कडेवर करड्या ढगांची एक पट्टी बसली होती. आदल्या दिवशी मी ज्या ढगांची थाप मारली, ते रातोरात आले होते.

वेळ होऊन गेली तरी सूर्य दिसेना. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"मॅडम, शिट्टी वाजवा," काका म्हणाले. "बोगदे चाल्ले."

"एक मिनिट."

आणि मग ढग आणि पाणी यांच्यामधल्या बारीक फटीतून एक लाल कड वर आली. लोक "आला, आला" ओरडले. कोणी हात जोडले. काकांनीही जोडले आणि लगेच घड्याळ पाहिलं. "झालं पावून! चला, अजून गाडी भेटते. धावा!"

खरं होतं. त्या क्षणी शिट्टी वाजवली असती तर गाडी मिळाली असती. शिट्टी ओठांवर होती, छाती भरून हवा घेतलेली. तेवढ्यात माझं सोमाजींकडे लक्ष गेलं.

ते पाहत होते, पण भलतीकडे. एवढा मोठा समुद्र आणि त्यांच्याजवळ पाहायला एक नळी. ती नळी ते डावीकडे नेत होते, मग वर, मग पार उजवीकडे. सूर्य दर वेळी मध्ये राहून जात होता.

"कोठं आहे?" ते म्हणाले. "कोठं आहे वं?"

पार्बताबाई त्यांच्या मागे गेल्या. गुडघे टेकले. लहान पोराचं तोंड धुताना धरतात तसं दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं. "हालू नका. असे. थोडे खाली. जास्त झालं. आता इकडं..."

ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला. काका काहीतरी बोलायला वळले, त्यांनी ते दृश्य पाहिलं. मग सरळ वाळूवर बसकण मारली. ते बसले तसे बाकीचेही एकेक करून बसले. मी शिट्टी खिशात टाकली. आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक.

"असे राहा," पार्बताबाई म्हणाल्या. "आता?"

सोमाजींच्या तोंडावर तांबूस उजेड होता.

"दिसला का जी?"

"दिसला."

"कसा आहे?"

"वल्ला आहे," ते म्हणाले. "वल्ला दिसून रायला."

सूर्य पूर्ण वर येऊन ढगात शिरेपर्यंत पार्बताबाईंनी हात काढले नाहीत. आम्ही कोणी उठलो नाही.

गाडी अर्थातच गेली. आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा प्लॅटफॉर्म झाडणं चाललं होतं. अरकूला बसनेच गेलो, घाटाने. वळणांवर निम्म्या लोकांना मळमळलं. काका तासभर फुगून बसले. मग घाटात कॉफीचे मळे लागले, महाराजांनी झाडाखाली खिचडी टाकली आणि राग मावळला. संध्याकाळपर्यंत काका दुसऱ्यांना सांगू लागले, "बोगद्यात का दिसते? अंधार. तो त घरीबी आहे, लाईट गेली की."

गोंदियाला उतरलो तर सेठजी स्वतः प्लॅटफॉर्मवर. सोबत भाचा, इस्त्रीचे कपडे घालून. मी मुकाट्याने झेंडा पुढे केला. पण त्याआधी काका सेठजींपाशी पोचले होते.

"सेठजी, सुबह का सूरज क्या दिखाया मॅडम ने! अगले साल मेरे समधी को भी भेजता हूँ."

सेठजींनी झेंड्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. आणि म्हणाले, "वो आइडिया तो मेरा ही था." झेंडा माझ्याच हातात राहिला. पुढल्या सीझनच्या पॅम्फ्लेटात 'सुवर्णसूर्योदय' आला आणि अरकूची गाडी एक दिवस पुढे गेली. भाचा मात्र टाइपिंग शिकला. ते त्याच्या फार कामी आलं असं ऐकलंय.

आता माझी नात अशाच टूर नेते. फोनमध्ये बाण असतो, सूर्य कुठे उगवणार, कुठे बुडणार, सगळं दाखवतो. बरं आहे. तिला कोणाची बोलणी खावी लागत नाहीत. मला कधीकधी तिच्यासाठी वाईटही वाटतं. उलट्या पारीवर बसून हसण्याची मजा तिला कुठली?

त्या दिवशी गोंदियाला सौंदडची गाडी यायला वेळ होता, म्हणून सोमाजी आणि पार्बताबाई प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसले होते. मी निरोप घ्यायला गेले. राहवलं नाही, म्हणून विचारलं, "बाबाजी, आवाज आला का? चर्र?"

सोमाजींनी आधी माझ्या आवाजाकडे मान वळवली, मग मला शोधलं. मी नळीत सापडले तसे हसले.

"निंगतानी कायचा आवाज, बाई? रातभर पान्यात होता. थंडा झाला होता."

त्यानंतर नव्या गावी टूर नेली की मी पहिल्यांदा सावली कुठे पडते ते पाहायचे. शिट्टी मग.