माईंना सांगितलेला अर्थ

ही गोष्ट आमच्या ह्यांना माहीत नाही. मुलाला तर नाहीच नाही. दोन बायकांना तेवढी माहीत आहे — एक मी, आणि दुसरीबद्दलच तर सांगायचंय. तुम्ही माझे नात्यातले नाही, गावातले नाही, म्हणून तुमच्यापुढं बोलते. ओळखीच्या माणसासमोर जीभ उचलत नाही माझी.

मी इंग्रजीची बाई. राहते अंथुर्ण्यात, शिकवते वालचंदनगरच्या बाजूला एका शाळेत. 'सेरेमनी' हा शब्द कितीदा फळ्यावर लिहिला असेल — विधी, संस्कार, समारंभ. मुलांनी अर्थ सांगितला तरी मी सोडत नाही, वाक्यात वापरून दाखव म्हणते. हल्ली आमच्याकडं ह्या शब्दाला नुसता ऊत आलाय. हळदी सेरेमनी, नामकरण सेरेमनी. आमच्या शेजारच्यांनी बोअरला पाणी लागलं तर त्याचीही सेरेमनी केली, फेटे बांधून. मी खूप हसले होते तेव्हा. आणि मग त्याच शब्दाच्या आड जाऊन लपले.

माई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. दीर तरुणपणीच गेले. त्यांना मूलबाळ नाही. मी नोकरीला जायचे, तेव्हा माझा अक्षय त्यांच्याच मांडीवर वाढला. त्याच्या आंघोळी, त्याचा गोवर, त्याची बाराखडी — सगळं माईंनी केलं. नरसिंहपूरला त्याच्यासाठी नवस बोलल्या त्या, आणि फेडलाही त्यांनीच. मी शाळेतून दमून यायचे, हात पुढं करायचे, तर पोरगं त्यांच्या पदरामागं जाऊन लपायचं. पुढं नोकरीला पुण्यात गेला. फोन पहिला माईंना. मग आठवण झाली तर आईला. हे सांगायला सोपं आहे — पण रोज ऐकत बसायला?

त्याचं लग्न ठरलं. मुलगी बारामतीची, ऋतुजा. आमच्याकडं साखरपुड्याला मुलाकडून साखरेचा पुडा जातो. मुलीची ओटी भरून तो तिच्या हातात देतात. आता दुकानात तयार मिळतो, पण माईंनी घरीच करायला घेतला. पुठ्ठ्याचा उंच शंकू, वर सोनेरी कागद, त्यावर लाल कुयऱ्या, कडेनं मोत्यांची लेस. कारखान्याकडून सभासदांना मिळते ती साखर त्यांनी चाळून, खडे काढून आत भरली. पुडा द्यायचा असतो सवाष्णीनं. ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. स्वतःच म्हणाल्या, "तूच दे गं तिच्या हातात. मी लांब बसंन. नुस्ती बघंन."

नुसतं बघायचं होतं त्यांना. एवढंच.

मुलीकडच्यांनी मोबाईलवर साखरपुड्याची पत्रिका पाठवली. वर इंग्रजीत 'रिंग सेरेमनी'. मी ती ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवली आणि स्वयंपाकघरात आले, तर माई मागोमाग.

"सेरेमनी मंजी काय गं सुनंदा?"

मी कणीक मळत होते. वर न बघता सांगितलं — "काही नाही हो माई. अंगठीचं माप घ्यायचं, पोरापोरींनी फोटो काढायचे. शहरातलं खूळ. साखरपुडा वेगळा. तो लग्नाच्या आदल्या दिवशी हॉलवरच उरकायचाय."

"मग मी काय करू तितं? मी हितंच बरी. म्हशीचं बी बघाय पायजे."

झालं. इतकं सोपं गेलं ते. खोटं पचायला वेळ लागतो म्हणतात — मला तर ढेकरही आली नाही.

का केलं मी असं? बरीच वर्षं स्वतःला सांगत आले की लोक काय म्हणतील ह्या भीतीनं केलं. ओटीच्या वेळी विधवा बाई समोर नको, मुलीकडच्यांना चालणार नाही, वगैरे. पण खरं सांगू? मुलीकडच्यांनी तसं चकार शब्दानं म्हटलं नव्हतं. उलट ऋतुजाच्या आईनं फोनवर विचारलं होतं — माईंना आणताय ना? म्हणजे रीत, समाज, ह्या सगळ्याला मी उगाच मध्ये ओढत होते. भीती वेगळीच होती. माई लांब बसल्या असत्या, तरी अक्षयनं त्यांना हाताला धरून पुढं आणलं असतं. अंगठी घातल्यावर पहिला वाकला असता तो त्यांच्या पायाशी. सगळ्या बारामतीदेखत. मला एक दिवस — एकच दिवस — त्याची आई व्हायचं होतं, तेही एकटीनं. मी त्यांच्यावर जळत होते. ज्या बाईनं माझं पोर सांभाळलं, तिच्यावर.

जाताना वाटेत मी दुकानातून तयार पुडा घेतला. हॉलवर अक्षयनं विचारलं, माई कुठाय? मी म्हटलं, गुडघे दुखतात, नाही म्हणाल्या. त्याचं तोंड पडलं ते शेवटपर्यंत पडलेलंच. ह्यांनाही तेच सांगितलं. बायकांच्या कारभारात ते डोकं घालत नाहीत. अक्षय पाया पडला माझ्या, पहिल्यांदा माझ्याच. मला वाटलं होतं तसं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर शेजारच्या बायका माईंना विचारत होत्या, "पुतण्याचा साखरपुडा झाला म्हणं?" मी दाराआड उभी होते. माई ठसक्यात म्हणाल्या, "न्हाय गं, साखरपुडा आजून व्हायचाय. ही सेरेमनी व्हती. आमची सुनंदा इंग्रजीची बाई हाय, तिला ठावं."

तेव्हा बाहेर जायला हवं होतं मी. गेले का? आत वळले आणि कुकर लावला.

लग्नाच्या आदल्या दिवशी माई पिशवीत पुडा घेऊन हॉलवर आल्या. संध्याकाळभर पिशवी मांडीवर धरून बसल्या. मी समोरून दोनदा गेले, घाईत असल्याचं दाखवत. "उद्या बघू हं माई," म्हटलं. उद्याला हळद होती, मग अक्षता, मग पाठवणी. पिशवी तशीच घरी आली.

पुढं नवी सून रुळली. एका सकाळी तिनं फोटोंचा अल्बम आणला आणि माईंजवळ बसली. माईही आतून पुडा घेऊन आल्या — राहिलेलं तेवढं उरकावं म्हणून. ऋतुजानं सहज पान उलटलं. "माई, साखरपुड्याला तुम्ही हव्या होतात. हे किती रुसले होते तुमच्यावर! गुडघे फारच दुखत होते का हो?"

फोटोत मी होते. ऋतुजाची ओटी भरलेली, माझ्या हातात दुकानातला पुडा, आणि मी हसत होते.

माईंनी फोटो नीट बघितला. मग माझ्याकडं बघितलं. मी वाट बघत होते — शिवीची, रडण्याची, कशाचीही. त्या सुनेकडं वळल्या.

"व्हय बाई," म्हणाल्या, "लई दुखत व्हते."

आणि उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन पुड्याचा दोरा तोडला, साखर चहाच्या डब्यात ओतली, सोनेरी कागद घडी करून फळीवर ठेवला. "च्या ठिवते," म्हणाल्या. सगळ्यांना दिला. मलाही दिला, आणि मी तो प्याले.

अक्षय अजून सुट्टीला आला की त्यांना टोमणा मारतो — माझ्या साखरपुड्याला आली नाहीस तू. माई म्हणतात, "गुडगं, बाबा." तेव्हा मी तिथंच असते, भाकरी थापत.