सुई दाबायची ती शेवटी

“टँकरवाल्याला सांग, दोन तास पंप बंद ठेव,” कुलकर्णी सर म्हणाले. सर आमच्या शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या लॅबचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली चाचण्या करते.

लॅबमध्ये मशीनची एकच नवी सुई उरली होती. समोर सलीमभाई बसले होते. हॉस्पिटलच्या नळ्यांवर मऊ थर चढवायचा त्यांचा लहान कारखाना. मागच्या आठवड्यात ‘थर कडक आहे’ असा रिपोर्ट आम्हीच दिला होता. त्यावर त्यांची ऑर्डर अडकली. फेरतपासणी आज झाली नाही, तर खरेदीदार दुसऱ्याकडे जाणार होता.

“मॅडम, हाथ लगाके देखो. लोण्यासारखा थर आहे,” ते मला म्हणाले.

“हातावरून रिपोर्ट निघत नाही,” सर म्हणाले.

आमचं मशीन म्हणजे अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप. त्यात केसाहून बारीक पट्टी असते, तिच्या टोकाला सुई. सुई थरावर टेकवायची. पट्टी किती वाकली ते लेझर सांगतो. पण पट्टी मुळात किती ताठ आहे हे माहीत नसेल, तर वाकण्यावरून जोर कळत नाही. तो ताठपणा ठरवणं म्हणजे कॅलिब्रेशन. सरांची पद्धत ठरलेली: सुई आधी कठीण काचेवर दाबायची, मग नमुन्यावर न्यायची. दोन्ही वेळा शांतता हवी. हादरा बसला की सुई आदळते. आणि भिंतीपलीकडे टँकरचा पंप धडधडत होता.

मी बाहेर गेले. पाऊस दडी मारून बसला होता. आमच्या प्लॉटला पाइपलाइन होती, भिंतीला लागून असलेल्या वस्तीला टँकर. शेळ्या राखणाऱ्या काशाबाई हंडा घेऊन रांगेत होत्या. त्यांच्या शेळ्या चरायच्या तिथंच आमची लॅब उभी आहे.

“काय बाई, तुमीबी पाण्याला आल्या व्हय?”

“नाही. पंपानं आमचं मशीन हलतं.”

“मशीनला तहान लागती का?”

“नाही.”

“मंग थांबंल की ते.”

रांगेतल्या बायका हसल्या. पंप बंद करा असं मी म्हणाले नाही. आत येऊन सरांना सांगितलं, “क्रम उलटा करू. हवेच्या उबेनं पट्टी आपोआप थरथरते. ती थरथर आणि पट्टीची लांबी-रुंदी यावरून ताठपणा निघतो. सुई कुठं टेकवायलाच नको. पंपाची घरघर ग्राफवर वेगळी दिसते, म्हणून हे आत्ताच होईल. टँकर गेला की थेट नमुना.”

“आणि काच?”

“सगळ्यात शेवटी, ताळ्यापुरती. आधी दाबली तर सुई बोथट होते. बोथट सुईचा जास्त भाग थराला टेकतो आणि थर उगाच कडक दिसतो.”

सलीमभाईंनी मान वर केली. “पिछली बार पहले दबाए थे क्या?”

“आधी थरथर मोजून घे,” सर मला म्हणाले. मी मोजायला घेतली.

टँकर गेला. सुई हळूच टेकवली. थर मऊ निघाला. शेवटी काचेवर दाबून ताळा घेतला, तोही जुळला. मग मागच्या आठवड्याची सुई डबीतून काढून तपासली. टोक सपाट झालं होतं.

“नमुना बदलला असावा, असं लिहू,” सर म्हणाले.

“नमुना तोच आहे, सर.”

“लॅबचं नाव जाईल.”

“मग सही तुम्ही एकट्यानं करा. माझी मिळणार नाही.”

सरांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला. मग त्यांनी स्वतःच टाइप केलं: पहिला निकाल रद्द, कॅलिब्रेशन करताना आमच्याकडून सुई बोथट झाली होती. आम्ही दोघांनी सही केली. सलीमभाई रिपोर्ट घेऊन निघाले, चहासाठीही थांबले नाहीत.

आता आमच्याकडे काच शेवटी येते. टँकरची वेळ भिंतीवर लिहिलेली आहे. नमुन्यांचं काम त्यानंतर लागतं.