इंजिन ट्रकचं, ब्रेक जीपचेच

माझ्या चुलतीचा पाय त्र्याहत्तर सालच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी घाटात चिरडला. ऊसतोडणी संपवून आम्ही राहात्याहून पाथर्डीला परतत होतो. आमच्या टोळीच्या मुकादमाने लष्कराच्या लिलावातल्या जीपला ट्रकचं इंजिन बसवलं होतं. "चारी चाकं ओढत्यात, काकी, भ्या कशाला?" म्हणत त्याने भांड्याकुंड्यांसकट निम्मी टोळी कोंबली. चढ जीपने सहज ओलांडला, उतारावर मात्र ती थांबेच ना. ब्रेक जीपचे, जुनेच होते. जीप दरडीवर आदळली. चुलती पाय अडकून किंचाळत होती आणि हा मुकादम बॉनेट उघडून म्हणाला, "इंजिनला काय बी झालं न्हाई!" माणसं मोजायची सोडून इंजिन?

तुम्ही अशा जीपमध्ये बसाल, तेव्हा मुकादमाला सपाटीवरच भरल्या जीपचा ब्रेक मारून दाखवायला सांगा. त्याने टाळलं, तर सगळेच्या सगळे खाली उतरा.