डिकीतली पुरवणी

कोथरूडच्या वाचनालयातून जुनी रहस्यकथा आणली की आमच्या घरात तिच्यात दोन खुणा पडतात. बायको दुपारी वाचते, मी संध्याकाळी. तिच्या खुणेपुढचं अवाक्षर काढायचं नाही, हा नियम. मी रविवारच्या पुरवणीत अशा पुस्तकांची परीक्षणं लिहितो, त्यामुळे पुस्तक आधी माझं संपतं.

या वेळचं पुस्तक चोख होतं. बंगल्यावर जमलेले पाहुणे, चहातून विषप्रयोग, आणि सगळे पुरावे वाचकासमोर उघड्यावर ठेवलेले. परीक्षणात मी त्या मांडणीचं कौतुक केलं आणि खुन्याबद्दल मौन पाळलं. बायकोने शेवटची दोन प्रकरणं रविवार सकाळसाठी राखून ठेवली होती.

रविवारी दारातला पेपर उचलला. परीक्षणाचा मथळा होता: ‘खुनी निघाला घरचाच डॉक्टर!’ पुरवणीवर नवा आलेला उपसंपादक आधी गुन्हेवृत्त पाहायचा. त्याने हे पुस्तक वाचलेलं होतं. मुख्य बातमी मथळ्यात हवी, हे तो शिकाऊ असताना मीच त्याला शिकवलं होतं.

बायको चहा गाळत होती. मी खाली जाऊन पुरवणी स्कूटरच्या डिकीत टाकली आणि वर येऊन, आज पुरवणी आली नाही, असं सांगितलं.

तिने कप पुढे ठेवला.

“अहो, मागे एकदा आली नव्हती तेव्हा तुम्ही पेपरवाल्याला जिन्यातूनच हाका मारल्या होत्या. आज परीक्षण छापून यायचंय आणि तुम्ही गप्प. शिवाय अंघोळीआधी स्कूटरची किल्ली हातात.”

मी किल्ली टेबलावर ठेवली.

“मथळ्यात फोडलं ना?”

मी चहाचा कप तोंडाला लावला. तिने पुस्तक घेतलं आणि बाल्कनीत गेली. तासभर ती वाचत होती. दोनदा फोन वाजला. परीक्षण वाचलेल्या परिचितांचे असावेत, म्हणून दोन्ही वेळा मी तो उचलून आतल्या खोलीत नेला.

पुस्तक मिटून ती आत आली. शेवट आवडल्याचं चेहऱ्यावर दिसत होतं. डॉक्टरवर तिचा संशय पहिल्या चहापासूनच होता म्हणे. मग किल्ली उचलून ती स्वतःच खाली गेली आणि पुरवणी वाचतच जिना चढून आली.

“मथळा नेमका आहे,” ती म्हणाली. “त्याच्याखाली तुम्ही एवढं कशाला लिहिलंत?”